घरचा कारखाना, जुना बाजार आणि माळ्यावरचे खाके

आपल्या वस्त्यांतून फिरले तर कितीतरी घरांत काही ना काही हुन्नर चालू असलेला दिसतो. मुंबईत मदनपुरा, कुर्ला, गोवंडी, धारावी येथे अड्ड्यावर जरदोजी चालते. कुठे शिवणकाम आहे, कुठे मणी ओवणे, कुठे बटवे आणि पर्स. या घरांना कारखाना म्हणावे एवढी जागा नसते. दहा बाय बाराची खोली, त्यातच चूल, मुलांचा अभ्यास आणि रात्रीची अंथरुणे. माल मात्र प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणि पिशव्या खिळ्याला टांगलेल्या. दबका हवा तेव्हा सलमा हाती लागतो, सितारा शोधताना कात्री हरवते. यात जाणारा वेळ कोणी मोजत नाही, कारण काम नगावर असते. पण नगावर मजुरी घेणाऱ्याचा वाया गेलेला अर्धा तास त्याच्याच खिशातून जातो. जमिनीवर सांडून केरात गेलेली जर शेठची असेल, तर तिचाही हिशेब शेवटी मजुरीतच कापला जातो.

अलीकडे आमच्या काही भगिनी घरातले कामाचे दालन जुन्या सामानाने सजवावे असा विचार करू लागल्या आहेत. बुटीकवाल्या बाया घरी येतात, जुने लाकडी कपाट, पितळेचे डबे, पायाचे शिलाई मशीन बघून खूश होतात, कामाला चार पैसे जास्त देतात, असा त्यांचा हिशेब. हिशेब अगदीच चुकीचा नाही. पण ‘व्हिंटेज’ आणि ‘अँटिक’ हे दोन शब्द आता एवढे चलनात आले आहेत, की काल भंगारात वजनावर जाणारी वस्तू आज शोभेची म्हणून विकली जाते आणि गरजू कारागीर तिच्यावर भांडवल घालून बसतो. आमचे म्हणणे एवढेच, की जुनी वस्तू घ्यायची तर ती कामाला घ्यावी. ज्या वस्तूचा जन्मच बारीकसारीक माल थोड्या जागेत नीट ठेवण्यासाठी झाला होता, ती आपल्या खोलीत आली तर दिसेल चांगली आणि पैसेही वसूल करून देईल. अशा वस्तू आहेत आणि अजून मिळतात.

कुठे शोधावे हे आमच्या व्यापारी वाचकांना सांगायला नको, पण नवख्यांसाठी सांगतो. मुंबईत चोर बाजार, त्यातही मटन स्ट्रीट. नाव ‘शोर बाजार’चे ‘चोर बाजार’ झाले अशी कथा सगळेच सांगतात, खरे खोटे अल्लाह जाणे. जुन्या सामानाची दुकाने शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर पथारीवाल्यांचा बाजार भरतो. कामाची वस्तू स्वस्तात मिळायची तर ती याच पथाऱ्यांवर. उजाडायच्या आत जे विजेरी घेऊन फिरतात ते बहुधा दुकानदारच असतात. त्यांनी पाहून सोडलेला माल आठ वाजता आपल्यापुढे येतो. मोठे लाकडी सामान हवे असेल तर ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार. पुणेकरांना मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार ठाऊक आहेच. माल कुठूनही घ्या, विकणाऱ्याचे नाव आणि तारीख असलेली चिठ्ठी मागून घ्यावी. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. चिठ्ठी द्यायला कचरणाऱ्याकडून घेऊ नये.

छापखान्याची केस

आता आमच्या आवडीच्या वस्तूकडे येतो. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी प्रत्येक छापखान्यात लाकडी ‘केस’ असत. साधारण अडीच-पावणेतीन फूट लांबीचा उथळ खण आणि त्यात लहानमोठे कप्पे. प्रत्येक कप्प्यात एका अक्षराचे खिळे. इंग्रजीचे काम दोन केसांत भागे. आपल्या देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे यांमुळे त्याहून बरेच जास्त कप्पे लागत. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यापासून, म्हणजे १८६९ पासून पुढे शंभर-सव्वाशे वर्षे मराठी पुस्तके या कप्प्यांतूनच बाहेर आली. ऑफसेट आणि पाठोपाठ संगणकावरची जुळणी आली, तशा गावोगावच्या केस भंगारात गेल्या. आज त्या चहाच्या महागड्या दुकानांत भिंतीला टांगलेल्या दिसतात.

जरदोजीवाल्याला याहून सोयीची वस्तू सापडणार नाही. सलमा, दबका, कोरा, नक्शी, गिजाई, सितारे, कटदाणा, मोती, प्रत्येकाला वेगळा कप्पा. जुळारी ज्या तत्त्वावर केस भरत असे तेच तत्त्व आपणही पाळावे. सर्वांत जास्त लागणारे अक्षर मोठ्या कप्प्यात आणि हाताच्या सर्वांत जवळ, क्वचित लागणारे कडेच्या लहान कप्प्यात. जुळारी खिळा उचलताना कप्प्याकडे क्वचितच बघे, हात आपोआप जाई. अड्ड्यावर बसणाऱ्याची नजर कापडावरून न हटता हात सिताऱ्यापर्यंत गेला, तर दिवसाकाठी किती टाके वाढतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. केस अड्ड्याच्या उजव्या अंगाला, पाटावर थोडी तिरकी ठेवावी. रात्री तशीच उचलून दोन खुंट्यांवर भिंतीला लावता येते आणि अंथरुणाला जागा होते. टांगण्यापूर्वी वर पातळ पत्रा किंवा ॲक्रिलिकचे सरकते झाकण बसवून घ्यावे. नाहीतर सकाळी सगळा माल गादीखाली सापडेल.

मात्र एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, ती आम्ही सांगतो. छापखान्याचे खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असत. वर्षानुवर्षे खिळे घासले जाऊन शिशाची भुकटी लाकडात आणि कोपऱ्यांत बसलेली असते. शिसे पोटात जाणे मोठ्यांना वाईटच, लहान मुलांच्या मेंदूवर तर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. म्हणून नवी आणलेली केस कोरडी झाडू नये, फुंकू नये, पॉलिश-कागदाने घासू तर मुळीच नये. तोंडाला मास्क बांधून घराबाहेर ओल्या कपड्याने तीन-चार वेळा पुसावी, कपडे टाकून द्यावेत. लाकूड पुरते वाळू द्यावे, वर लाखेचे किंवा वॉर्निशचे दोन हात द्यावेत, कप्प्यांच्या तळाला जाड कागद चिकटवावा. तिच्यात सुपारी, वेलदोडे असले काही ठेवू नये. मुले दातात धरतील असे मणीही नको. जुन्या रंगवलेल्या कपाटालाही हीच खबरदारी लागू. घरगुती रंगांतले शिसे दशलक्षात ९० भागांवर आणण्याचा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती असेल ते कोणी तपासलेले नसते. असा रंग खरवडण्यापेक्षा त्यावर नवा रंग चढवणे बरे.

कापड गिरण्यांच्या बॉबिनांबद्दलही दोन शब्द. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि लाकडी बॉबिने, धोटे, कांड्या जुन्या बाजारात आल्या. मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना त्यांचे कौतुक वाटणार नाही, त्यांच्या घरी त्या पडूनच असतील. पण रेशीम आणि कसब गुंडाळून ठेवायला जुने गुळगुळीत बॉबिन प्लॅस्टिकच्या रिळाहून चांगले. कडेला चीर पडलेली नाही ना, एवढे बोट फिरवून पाहावे. चिरेत अडकलेला धागा सुटत नाही, तुटतो.

लाकूड ओळखावे

“अँटिक पीस है भाई, बर्मा टीक है” हे वाक्य प्रत्येक टेबलाबद्दल ऐकायला मिळते. टेबलाला तोंड नाही, पण ते खण उपसून उलटे केले की बोलते. खऱ्या जुन्या खणाला जिथे हात लागत आला तिथे लाकूड झिजून गुळगुळीत झालेले असते आणि जिथे हात पोचत नाही तिथे रंधा न फिरवलेले खरबरीत. सगळीकडे सारखाच काळपट रंग असेल तर तो चहाच्या पाण्याचा किंवा बूटपॉलिशचा समजावा. कोपऱ्यांचे दातेरी सांधे हाताने कापलेले असले तर एक दात दुसऱ्यासारखा हुबेहूब नसतो. खणाच्या बुडाला प्लायवूड आहे आणि विकणारा शंभर वर्षांची गोष्ट सांगतो, तर हसून पुढे जावे.

लाकडात बारीक भोके असतील तर कपाट हलवून खाली पांढरा कागद धरावा. मैद्यासारखी ताजी भुकटी पडली तर भुंगा अजून आत आहे; तो माल फुकटही घेऊ नये, घरातल्या इतर लाकडाला लागेल. भुंगा बहुधा सालीजवळच्या फिकट लाकडात शिरतो, सागाच्या आतल्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. म्हणून कडेला फिकट पट्टा दिसतो तिथे आधी बघावे.

भाव ठरवताना आम्ही एक साधा उपाय करतो. वस्तूतले लाकूड मोजायचे. टेबलाचा माथा चार बाय अडीच फूट आणि एक इंच जाड असेल तर त्यात पाऊण घनफुटाहून थोडे जास्त लाकूड झाले. अडीच फूट उंचीचे, तीन इंच चौरस असे चार पाय धरले तर आणखी साधारण सव्वासहा दशांश घनफूट. चौकट सोडून सुमारे दीड घनफूट साग. लाकूडबाजारात सागाचा त्या दिवसाचा भाव विचारावा, त्यात सुताराची मजुरी मिळवावी. जुने टेबल या रकमेच्या आत मिळत असेल तर सौदा कामाचा. वरचे पैसे नुसत्या ‘अँटिक’ या शब्दाचे, आणि तो शब्द अड्ड्यावर कामाला येत नाही.

पायाच्या शिलाई मशीनबद्दल आमचे मत थोडे वेगळे आहे. ते अजून खरोखर कामाचे यंत्र आहे. वीज गेली तरी थांबत नाही, जाड कापडातून सुई सहज नेते. सिंगरच्या मशीनवर कोरलेला क्रमांक असतो. १९०० पूर्वीच्या क्रमांकाला अक्षर नसे, नंतरच्यांना एक किंवा दोन अक्षरे असतात आणि त्यांवरून कोणत्या कारखान्यात कोणत्या सुमारास बनले ते कळते. स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा मोठा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. पण वयापेक्षा आधी खालची पट्टी सरकवून शटल पाहावे. गोल बॉबिन असेल तर सुटे भाग गल्लीतल्या मिस्त्रीकडे मिळतील. होडीसारखे लांबट शटल असेल तर जपून. शटल हरवले की मशीन शोभेचे झाले. सुईही लावून पाहावी, एका बाजूने चपटी असलेली नेहमीची घरगुती सुई बसत नसेल तर घेऊ नये. काही फार जुन्या मशीनांच्या सुया आता बाजारात येत नाहीत. सोनेरी वेलबुट्टी अगदी लखलखीत असेल तर ते नवे स्टिकर आहे. जिथे शिवणाऱ्याचा हात घासत आला तिथली वेलबुट्टी उडालेली असणे हाच खरेपणाचा दाखला.

लहान मालासाठी काचेच्या बरण्या, इराणी हॉटेलांतल्या बिस्किटांच्या बरण्या, पितळेचा मिसळणाचा डबा, सगळे चालते. मण्यांच्या डब्याला कल्हई लावण्याची गरज नाही, ती खाण्याच्या भांड्यांसाठी. खऱ्या चांदीची जर मात्र उघड्या बरणीत ठेवू नये. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. रबरबँड, फोमचे तुकडे, लोकरीचे कापड यांच्याजवळ जर ठेवली की तिचे पाणी जाते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, डांबराच्या गोळ्या तिला लागू देऊ नयेत.

सोनारी तराजूची पेटी फार देखणी असते आणि कारागिराला मोहात पाडते. घ्यावी, पण घरच्या अंदाजापुरती. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, जुनी वजने झिजलेली असतात. खरेदीविक्रीत वजन करायचे तर २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे मेट्रिक आणि शिक्का मारलेले वजनच लागते. शेठकडून येणारी जर आणि परत जाणारे काम तोलायला साधा शिक्क्याचा काटा वेगळा ठेवावा.

जुने दिवे घेतलेत तर आतली वायर, होल्डर, प्लग सगळे नवे बसवून घ्यावे. कापडी आवरणाची जुनी वायर हाताने चुरली जाते आणि जिथे बटर पेपर, रेशीम आणि रॉकेल एकत्र असते तिथे एक ठिणगी पुरे. दिव्यापेक्षा जुना मोठा आरसा घ्यावा असे आम्ही सुचवू. खिडकीसमोर लावला तर अड्ड्याच्या अंधाऱ्या बाजूला उजेड जातो, आणि डोळ्यांवर चालणाऱ्या धंद्यात उजेडावरचा खर्च हा खर्च नव्हेच.

कायद्याचे आणखी एक कलम व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे. पुरावस्तू आणि कलाकोष अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावस्तू ठरू शकतात. साहित्यिक, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाच्या हस्तलिखितांना पंच्याहत्तर वर्षांचीच मुदत आहे. अशा मालाचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर नेता येत नाही. नेला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आखातातल्या नातेवाइकांसाठी जुनी हस्तलिखित पाने सामानात बांधून देणाऱ्यांनी हे वाचावे. हस्तिदंताच्या सुईदाण्या, मुठी, जडावकाम यांना तर हातच लावू नये. त्याचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे, मग वस्तू कितीही जुनी असो.

माळ्यावर काय आहे?

इतका वेळ बाजारातल्या मालाबद्दल बोललो. पण जरदोजीच्या घरातली सर्वांत मोलाची जुनी वस्तू बाजारात नसते, ती माळ्यावर पडलेली असते. ते म्हणजे खाके. उस्तादांनी ट्रेसिंगच्या कागदावर नक्षी काढली, सुईने टोचली, सफेद्याच्या किंवा निळीच्या पाण्यात रॉकेल घालून बोळ्याने कापडावर उतरवली. एकेका घरात तीन पिढ्यांचे खाके आहेत. उस्ताद गेले, पोरगा मोबाइलच्या दुकानात बसू लागला, माळा साफ करायचा निघाला, की ही भेंडोळी रद्दीवाल्याला किलोवर जातात. लाकडी ठशांचेही तेच झाले. छपाईचे ठसे आता भिंतीवर लावायला विकले जातात. ते घेणाऱ्याला नक्षी कोणत्या कापडाची, कोणत्या गावची, काही ठाऊक नसते.

यात नुसत्या आठवणींचा प्रश्न नाही, रोजीचाही आहे. डिझाइन अधिनियम, २००० प्रमाणे नवी नक्षी नोंदवून घेणाऱ्याला आधी दहा वर्षे आणि मुदत वाढवली तर आणखी पाच वर्षे हक्क मिळतो. पण नक्षी नोंदणीआधीच लोकांपुढे आलेली असेल, तर नोंदणी कलम १९ खाली रद्द करून घेता येते. आणि नोंदणीदाराने आपल्यावर दावा लावला तर कलम २२ प्रमाणे हाच मुद्दा बचावात मांडता येतो. उद्या एखाद्या मोठ्या दुकानाने आपल्याच आजोबांची कैरी आपल्या नावावर नोंदवली आणि आपल्याला नोटीस पाठवली, तर आपल्या हाती काय आहे? नुसता खाका पुरत नाही, तो माळ्यावर लपवलेला होता असे समोरचा वकील म्हणेल. त्या नक्षीचा माल अमुक साली विकला गेला हे दाखवणारे बिल, लग्नातला फोटो, शेठची ऑर्डरची चिठ्ठी, यांतले काही खाक्याबरोबर जोडलेले असेल तर वकिलाला बोलायला जागा मिळते.

म्हणून खोली लावायला घ्याल तेव्हा पहिला दिवस खाक्यांना द्यावा. जुने भेंडोळे एकदम उलगडू नये, वाळलेला कागद घडीवर तुटतो. पावसाळी हवेत एक-दोन दिवस उघडे ठेवले की थोडा मऊ पडतो. रॉकेलचा वास असेल तर सावलीत पुरते उडू द्यावे, चुलीपासून दूर. मग प्रत्येक खाक्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घालावा. वहीत त्या क्रमांकापुढे कोणी काढला, कोणत्या कामासाठी, कोणत्या साली आणि कोणत्या शेठला माल गेला ते लिहावे. साल नक्की आठवत नसेल तर कोणाच्या लग्नाच्या आसपास, एवढे लिहिले तरी चालते. घरातल्या आजीला विचारावे, तिला सगळे आठवते. मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. यापुढे बिल करताना बिलावर खाक्याचा क्रमांक टाकण्याची सवय लावावी. मूळ खाका कापडावर न लावता त्याची नवी नक्कल टोचून ती वापरावी.

ठेवायला सर्वांत चांगले ते आर्किटेक्टच्या कचेरीतले नकाशांचे कपाट. रुंद, उथळ खण असलेले. नकाशे संगणकावर निघू लागल्यापासून ही कपाटे निरुपयोगी म्हणून जुन्या बाजारात येतात आणि जड असल्याने लवकर उचलली जात नाहीत, त्यामुळे घासाघीस करायला वाव असतो. खाका त्यात सपाट राहतो, दोन खाक्यांमध्ये कोरा पांढरा कागद घालावा, वर्तमानपत्र नको. वर्षातून दोनदा खण उपसून कसर लागली नाही ना ते पाहावे. एवढे मोठे कपाट खोलीत मावत नसेल तर पलंगाखाली मावेल अशी पत्र्याची सपाट पेटी चालते. ती विटांवर ठेवावी, आणि ज्या वस्त्यांत पावसाळ्यात पाणी शिरते तिथे पलंगावरच, गादीखाली.